जमिनीवरील पंप व त्याची नळजोडणी

शाळेत पंप बसविला, मोटर फिरते, आवाजही नेहमीसारखा येतो. परंतु वरच्या टाकीत पाणी चढत नाही, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. मग दोष पंपाच्या माथी मारला जातो आणि अधिक अश्वशक्तीचा पंप आणावा, अशी सूचना पुढे येते. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा पंपात नसून पाण्यापासून पंपापर्यंत येणाऱ्या नळात, म्हणजे सक्शन पाइपात, असतो. ‘पंप पाणी ओढतो’ ही समजूत या घोटाळ्याच्या मुळाशी आहे.

पंप पाणी ओढीत नाही. त्यातील फिरता पंखा आपल्याजवळचे पाणी बाहेर फेकतो व त्यामुळे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. विहिरीच्या वा हौदाच्या पाण्यावर हवेचा भार सदैव असतोच. तो पाण्याला नळातून वर लोटतो. समुद्रसपाटीवर हा भार सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, त्याहून अधिक नाही. ही मर्यादा गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केली होती. परंतु स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटतो, असे चुकीचे कारण त्याने दिले. तोरिचेल्लीच्या १६४३ मधील पाऱ्याच्या प्रयोगाने खरा उलगडा झाला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची चूक मुलांना अवश्य सांगावी. पेयाच्या नळीस सुईने भोक पाडून तिने पाणी पिण्यास लावावे; नळी ‘हवा घेते’ म्हणजे काय, हे मुलांना न सांगता कळते.

प्रत्यक्षात १०.३ मीटर कधीच मिळत नाहीत. नळातील घर्षणात काही भाग खर्च होतो आणि पाणी तापलेले असेल तर त्याची वाफही आड येते. म्हणून पाण्यापासून पंपापर्यंतची उभी उंची ६ मीटरांच्या आत ठेवावी व ती उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पातळीपासून मोजावी. श्रावणात मोजून बसविलेला पंप वैशाखात उघडा पडतो. पंपापासून वर पाणी किती चढेल हे मोटरीच्या शक्तीवर ठरते. खालून पंपापर्यंत किती येईल हे मात्र हवेवर ठरते, आणि तेथे अश्वशक्ती वाढवून काही साधत नाही.

भातकुलीचा परिसर पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. येथील विहिरीचे खारे पाणी पंपाने वर चढते, गोडे होत नाही. ते फार तर शौचालयास उपयोगी पडते. पिण्यासाठी पंप लागतो तो नळयोजनेच्या किंवा छपरावरून उतरविलेल्या पावसाच्या पाण्याच्या भुईतील हौदावर. अशा हौदाची खोली दोन-तीन मीटरच असते. तरीही पंप अडत असेल, तर नळात कोठून तरी हवा शिरते, हे जवळजवळ निश्चित समजावे.

हवेचे दोन मार्ग मुख्य आहेत. पहिला सैल जोडाचा. पंप चालू असता हा जोड बाहेरून कोरडाच दिसतो, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते; म्हणून तो सापडत नाही. पंप बंद करून नळ काठोकाठ पाण्याने भरावा. जेथून पाणी पाझरेल, तेथूनच हवा शिरत असते. पाझर कोठेही न दिसता पाणी उतरत असेल, तर तळाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा त्याची चकती झिजली आहे. दुसरा मार्ग चुकीच्या उताराचा. हौदापासून पंपाकडे नळ सतत किंचित चढता हवा. मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा साठून बसते. फूटव्हॉल्व्ह पाण्यात पुरेसा बुडालेला असावा, तळाच्या गाळात मात्र रुतलेला नसावा.

नळाचा व्यास हा गणिताच्या तासाला उत्तम विषय आहे. सेकंदास ३ लिटर पाणी ५० मिलिमीटर व्यासाच्या नळातून नेल्यास त्याचा वेग सेकंदास सुमारे १.५ मीटर होतो. ६५ मिलिमीटरच्या नळात तोच ०.९ मीटरवर येतो. वेग कमी तर घर्षणही कमी. सक्शन पाइप पंपाच्या तोंडाहून लहान कधीही नसावा. तो आखूड असावा आणि त्यात वळणे थोडकी असावीत.

येथील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता ओटा बांधला तर तो हलतो आणि घट्ट केलेले जोड वर्षभरात सैल होतात. काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा व त्यावर काँक्रीटचा ओटा घ्यावा. नळास स्वतंत्र टेकू द्यावेत. त्याचे वजन पंपावर पडता कामा नये. खाऱ्या पाण्यात लोखंडी नळ लवकर गंजतो. तेथे पीव्हीसी बरा, मात्र तो उन्हात उघडा राहिल्यास ठिसूळ होतो.

पंप सुरू करण्यापूर्वी तो व सक्शन पाइप पाण्याने भरून घ्यावा. कोरडा पंप हवा बाहेर फेकू शकत नाही. आतील सील मात्र जळते. मोटरीस अर्थिंग हवेच, व ओल्या हाताने बटन दाबले जाऊ नये.

फूटव्हॉल्व्ह साफ करण्यासाठी एखाद्या चपळ मुलास हौदात उतरविणे कदापि होऊ नये. बंद हौदातील हवा श्वासास घातक असू शकते. जोडणीच्या वेळीच हौदाच्या तोंडाशी एक युनियन बसवून घ्यावे, म्हणजे नळ व्हॉल्व्हसह वर उचलून काढता येतो. हौदाचे झाकण कुलपात असावे व किल्ली मुख्याध्यापकांपाशी राहावी.