परदेशी हिरा दारात कितीला पडतो?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. हिऱ्याची पारख आम्हाला नाही, हे आधीच कबूल करतो. पण बाहेरून माल मागवला की बिलावरची किंमत आणि घरात पडणारी किंमत यांत किती फरक पडतो, हे आम्ही मागाच्या सुट्या भागांच्या व्यवहारात पुरते भोगले आहे. म्हणून दागिन्यांचे छोटे दुकान चालवणारे आमचे एक स्नेही हाँगकाँगच्या व्यापाऱ्याचे भावपत्रक घेऊन आले, तेव्हा आम्ही पहिला सवाल केला : हिरा सुटा येणार की अंगठीत जडवून?

त्यांच्या गिऱ्हाइकाच्या मुलीचा निकाह तोंडावर आला होता. अंगठी तिकडेच तयार झाली तर मजुरी आणि वेळ वाचेल, असा त्यांचा विचार. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावरचे आयात शुल्क 2022 च्या अर्थसंकल्पात साडेसातवरून 5 टक्के झाले. तयार दागिन्यावरचे 2025 मध्ये 25 वरून 20 टक्के झाले. हे दर धरू, अधिभार आणि एजंटाचा खर्च बाजूला ठेवू. माल 3 लाखांचा, भाडे व विमा 6 हजार. कस्टम शुल्क लावते ते 3 लाख 6 हजारांवर, नुसत्या बिलावर नव्हे. सुट्या हिऱ्यावर 15,300 रुपये शुल्क. त्या बेरजेवर दीड टक्का जीएसटी, म्हणजे 4,820. एकूण 3,26,120. तेवढ्याच किमतीच्या अंगठीवर शुल्क 61,200, मग 3 टक्के जीएसटी 11,016. एकूण 3,78,216. बावन्न हजारांचा फरक! मजुरी अशी किती वाचणार होती?

शिवाय हिरे जडवलेल्या सोन्याच्या काही प्रकारच्या दागिन्यांची आयात सरकारने जून 2024 मध्ये परवान्याखाली आणली. पैसे भरूनही माल अडकला असता, आणि निकाहाची तारीख काही कस्टमसाठी थांबत नाही.

यातला जीएसटी नोंदणीकृत दुकानदाराला पुढच्या विक्रीत वळता करून घेता येतो. आयात शुल्क मात्र गेले ते गेले. कंपोझिशन योजनेतल्या बांधवांना जीएसटीही परत मिळत नाही, आणि आपल्याकडचे बरेच छोटे दुकानदार याच योजनेत आहेत. त्यांनी दोन्ही रकमा खर्चातच धराव्यात. भाड्याचा आकडा कागदावर दाखवता आला नाही तर मालाच्या किमतीच्या 20 टक्के भाडे धरण्याचा नियम आहे. हिऱ्याच्या चिमूटभर पुडीला एवढे भाडे! तेव्हा पावती मागून घ्यावी.

आयात-निर्यात कोड नसताना घरच्या वापरासाठी हिरा मागवणाऱ्याने हा 5 टक्क्यांचा दर आपला समजू नये. खासगी वापराच्या मालाचे सदर वेगळे, दरही वेगळा.

त्या व्यापाऱ्याने आणखी एक 'सवलत' देऊ केली होती : बिल निम्म्या रकमेचे बनवू. असला उपकार आम्हालाही पूर्वी एकदा देऊ केला गेला होता. 1962 च्या कस्टम कायद्यात यासाठी माल जप्त होतो, दंड वेगळा. आणि पुडी वाटेत गहाळ झाली तर विमा कंपनी बिलावरचीच रक्कम बघणार. उरलेले निम्मे कोणाकडे मागायचे? कच्चा हिरा स्वस्तात देतो म्हणणाराही भेटतो. किंबर्ले प्रमाणपत्राशिवाय तो देशात आणताच येत नाही.

आमच्या स्नेह्यांनी हिरा सुटाच मागवला, पूर्ण रकमेच्या बिलावर. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजाराच्या कस्टम केंद्रातून तो सोडवला. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी भिंगातून ताडून पाहिला. अंगठी झवेरी बाजारातल्या एका बंगाली कारागिराने चार दिवसांत जडवून दिली.