गळाची काठी : निवड, घडण आणि परीक्षा

वाई हे गाव विद्येसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथलीच; मराठी विश्वकोशाचे कार्यही येथेच वाढले. परंतु ज्या कृष्णेच्या तीरावर हे गाव वसले आहे, तिच्या पात्राशी निगडित अशी आणखी एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिला ग्रंथ नाही आणि परीक्षाही नाही. त्यामुळे ती विद्या आहे याचेच विस्मरण होते. मच्छीमार कुटुंबातील दहाबारा वर्षांचा मुलगा वेळूच्या बेटातून गळासाठी नेमकी कोणती काठी काढावी हे पाहताक्षणी सांगतो. बुरूड कारागिराच्या घरातील मुलीला वेळूचा उभा धागा कोठे सरळ जाईल आणि कोठे फाकेल हे हातानेच कळते. हीच मुले वर्गात मागे बसतात, आणि ‘नदीवर भटकतो’ असा शेरा पुष्कळदा त्यांच्याच वाट्यास येतो.

हाताच्या उद्योगातून ज्ञान द्यावे, हा विचार १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. त्या विचाराची कसोटी गावातील उपलब्ध साहित्यावर आणि गावातील उपलब्ध ज्ञानावरच लागते. सूतकताई व शेती यांप्रमाणे गळाची काठी हाही असा एक लहानसा उद्योग होय. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, मापन आहे, गणित आहे आणि संयमाचा धडाही आहे. ही काठी कशी घडवावी, याची कृती व त्यामागील कारणे पुढे दिली आहेत.

चांगल्या काठीचे लक्षण

गळाची काठी म्हणजे केवळ दोरी धरून ठेवणारा दांडा नव्हे. मासा हिसका देतो तेव्हा तो हिसका काठीने वाकून सोसावयाचा असतो. काठी ताठ असेल तर सर्व ताण दोरीवर व गळावर येऊन दोरी तुटते. काठी फार लवचीक असेल तर मासा गळाला अडकतच नाही. म्हणून चांगली काठी ती, जी शेंड्याकडे अधिक व बुंध्याकडे कमी, परंतु सर्वत्र एकसारख्या क्रमाने वाकते. जाडी हे काठीचे बळ नव्हे, क्रम हे तिचे बळ होय. पुढील सर्व कृती या एका गोष्टीसाठीच आहेत.

वेळूची निवड

सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात वेळूच्या अनेक जाती होतात. पोकळ व जाड कळक घरबांधणीस व टोपल्यांस उपयोगी पडतो. गळाच्या काठीसाठी मात्र मेस, चिवा अशा नावांनी ओळखला जाणारा बारीक व भरीव वेळू घ्यावा.

वेळूचा आडवा छेद घेऊन विद्यार्थ्यांना दाखविल्यास भिंगाशिवायही दिसते की, बाहेरच्या कडेला गडद ठिपके दाट आहेत आणि आत जावे तसे ते विरळ होत जातात. हे ठिपके म्हणजे उभ्या तंतूंच्या जुड्या होत. वेळूचे बळ या तंतूंत असते, म्हणजेच ते सालीलगत असते. ‘काठी तासावी, पण साल राखावी’ हा नियम यातूनच निघतो.

वेळू तीन वर्षांच्या पुढचा असावा. कोवळ्या वेळूवर पांढरी भुकटी व खालच्या गाठींवर कोषाची पाने शिल्लक असतात. तो सुकताना आक्रसतो आणि वाकविला की वाकलेलाच राहतो. पक्का वेळू निस्तेज पिवळट-हिरवा दिसतो आणि बोटाच्या पेराने वाजविला असता टणक आवाज देतो. दोन गाठींमधील अंतर शेंड्याकडे हळूहळू कमी होत गेलेले असावे, आणि बाजूच्या फांद्या फार जाड नसाव्यात.

तोडणी, भिजवण व सुकवण

वेळूला घुण लागतो तो त्याच्यातील पिष्टामुळे. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असतात. त्या काळात तोडलेला वेळू लवकर किडतो. म्हणून तोडणी पावसाळा संपल्यानंतर, थंडीच्या दिवसांत करावी. तोडलेले वेळू तीन ते चार आठवडे वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवावे. त्यामुळे पिष्टाचा बराचसा अंश धुऊन जातो. एक काठी भिजवून व एक न भिजविता शाळेच्या कोपऱ्यात ठेवली, तर वर्षभरात घुणाची पीठासारखी भुकटी कोणत्या काठीखाली पडते हे मुलांना स्वतःच पाहता येईल.

भिजवलेला वेळू सावलीत, हवेशीर जागी, उभा करून दोन ते तीन महिने सुकवावा. उन्हात घाईने सुकविल्यास बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि साल उभी तडकते. सुकविण्यात वाचविलेला महिना पुढे तुटलेल्या काठीच्या रूपाने परत द्यावा लागतो.

सरळ करणे

कोणताही वेळू अगदी सरळ नसतो. तो सरळ करण्यासाठी निखाऱ्यांच्या धगीवर, ज्वाळेवर नव्हे, वाकडा भाग सतत फिरवीत शेकावा. उष्णतेने तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य मऊ होते. सालीवर तेलकट चकाकी दिसू लागली म्हणजे ओल्या फडक्याने धरून, वाकणाच्या उलट दिशेस किंचित अधिक वाकवून, पूर्ण निवेपर्यंत तसेच धरावे. निवण्यापूर्वी सोडल्यास वाकण परत येते. आधी दोन गाठींमधील भाग व नंतर गाठी सरळ कराव्यात.

पोकळ वेळू धगीवर कधीही धरू नये. पेरात कोंडलेली हवा व वाफ यांनी तो फुटून इजा होते. ही कृती शिक्षकांच्या किंवा कारागिराच्या देखरेखीखालीच व्हावी.

निमुळतेपणा व त्यामागील गणित

विद्यार्थ्यांसाठी तीन मीटरची काठी पुरेशी होते. त्यापैकी खालचा दोन मीटरचा भाग भरीव मेसाचा घ्यावा. तो बुंध्याशी सुमारे वीस व वरच्या टोकाशी दहा मिलिमीटर जाड असावा. वरचा एक मीटरचा शेंडा जाड कळकाच्या उभ्या फाकेतून तासून काढावा. तो खाली दहा व टोकाशी चार मिलिमीटर असावा. शेंडा तासताना आतील मऊ भाग काढावा आणि एका अंगाची साल राखावी. ही सालीची बाजू काठीच्या वरच्या अंगास येईल अशी बसवावी. कारण काठी वाकते तेव्हा वरचे अंग ताणले जाते, आणि ताण सोसण्याचे सामर्थ्य सालीत अधिक असते.

येथे सातवीच्या वर्गास एक उत्तम उदाहरण मिळते. गोल भरीव काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला तर ताठपणा निम्मा न राहता सोळावा भाग उरतो. दहा मिलिमीटरचे नऊ केले, म्हणजे केवळ एक मिलिमीटर तासला, तरी ताठपणा एकतृतीयांशाहून थोडा अधिक घटतो. चाकूचा प्रत्येक हात मोजून का चालवावा, हे मुलांना या आकड्यांनी जितके पटते तितके उपदेशाने पटत नाही. दर दहा सेंटिमीटरवर खूण करून तेथील व्यास वहीत नोंदवावा व तासणे संपल्यावर पुन्हा नोंदवावा.

सांधा, बांधणी व लेप

दोन्ही भागांची जुळणारी टोके तिरकस कापावीत. कापाची लांबी जाडीच्या दहा ते बारा पट, म्हणजे येथे दहा ते बारा सेंटिमीटर असावी. काप आखूड ठेवल्यास सर्व ताण एका जागी एकवटतो. दोन्ही काप तंतोतंत बसेपर्यंत घासावेत, पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवावेत आणि वरून दोऱ्याने घट्ट बांधावेत. काठी सुटी करावयाची असल्यास, मुसळास वसवी बसवितात त्या रीतीने सांध्यावर पितळी नळी बसवितात.

बांधणीचा दोरा वेढ्यास वेढा लागून, पोटात फट न ठेवता गुंडाळावा. शेवटचे आठदहा वेढे दोऱ्याच्या एका सुट्या फाशावरून घ्यावेत. मग मुख्य दोऱ्याचे टोक त्या फाशात ओवून फासा ओढला, म्हणजे टोक वेढ्यांखाली जाऊन बसते व गाठ मारावी लागत नाही. बांधणीवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचे तीनचार पातळ हात द्यावेत. उरलेल्या काठीस जवसाचे तेल चोळून वाळवावे.

काठीला रीळ लावावयाचे नसेल तर कड्यांची आवश्यकता नाही. तंगूस शेंड्याला केवळ टोकाशी बांधू नये. तो शेंड्यावरून खाली आणून सांध्याच्या खालच्या मजबूत भागास बांधावा व मग टोकाशी अडकवावा. शेंडा तुटला तरी दोरी व मासा हातचे जात नाहीत. हा साधा उपाय कोणा पुस्तकातला नव्हे, नदीवरचा आहे.

परीक्षा

काठीचा बुंधा मेजाला घट्ट बांधून ती भिंतीलगत आडवी धरावी. टोकाला वाळूची पिशवी अडकवून प्रथम शंभर व नंतर दोनशे ग्रॅम भार द्यावा आणि प्रत्येक वेळी झालेले वाकण कोळशाने भिंतीवर रेखावे. रेषा अखंड कमानीसारखी आली तर काठी साधली. रेषेत कोपरासारखा कोन दिसला तर त्या जागी काठी दुबळी आहे, किंवा त्याच्या शेजारचा भाग प्रमाणाबाहेर ताठ आहे. अशा वेळी दुबळ्या जागेला हात न लावता ताठ भागच थोडा थोडा घासावा. जे तासले गेले ते पुन्हा जोडता येत नाही. दोनशे ग्रॅमचा भार दहा मिनिटे ठेवून काढल्यावर काठी सरळ न झाल्यास वेळू कोवळा होता किंवा नीट सुकला नव्हता असे समजावे.

एखाद्या विद्यार्थ्याची काठी परीक्षेतच मोडेल. ती टाकून देऊ नये आणि त्याचे गुणही कापू नयेत. मोडलेली जागा वर्गापुढे ठेवावी. लांब तंतू निघून मोडलेली काठी अतिताणाने मोडली. आखूड व सपाट मोडलेली काठी भाजल्याने किंवा किडीने आधीच मेलेली होती. मोडण्याचे कारण ज्याला वाचता आले, त्याची दुसरी काठी सहसा मोडत नाही.

इतर देशांतील काठी

ही कला केवळ खेडवळ आहे असा समज होऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल फिलिप या बंदूक-कारागिराने वेळूच्या फाकी जोडून काठ्या बनविल्या. पुढे सहा त्रिकोणी फाकी एकत्र चिकटवून षट्कोनी काठी करण्याची रीत रूढ झाली. सहाही फाकींची साल बाहेर राहते, हेच तिचे मर्म. आरंभी या काठ्यांसाठी हिंदुस्थानातून जाणारा वेळू वापरीत व त्यास ‘कलकत्ता वेळू’ म्हणत; नंतर चीनमधील टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व १९७० नंतर कार्बनतंतू आले. परंतु उभे तंतू बाहेरच्या कडेस व निमुळता क्रम हे तत्त्व वेळूने शिकविले तेच राहिले.

नदीची मर्यादा

काठी हाती आली म्हणजे नदीही विद्यार्थ्यांच्या हाती आली, याची जाणीव शिक्षकांनी ठेवावी. वाईजवळच्या कृष्णेत केवळ पश्चिम घाटात आढळणाऱ्या माशांच्या जाती आहेत. खडशी हा मोठा मासा कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतून शास्त्रीय जगापुढे आणला. आज त्याच्या कुळातील माशांना जपावे लागत आहे. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी येतात. त्या दिवसांत काठी भिंतीला टेकून ठेवावी. लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत सोडावा. सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासून मनाई आहे, आणि त्याचे कारण काठीवरूनच समजते: गळ एक मासा निवडतो, सुरुंग डोहातील पिल्लांसह सर्वांचा नाश करतो.

धोमच्या जलाशयासारख्या ठिकाणी मासेमारीचे हक्क दिलेले असतात. तेथे परवानगीशिवाय जाऊ नये. देवळासमोरील घाटांवर मासे न धरण्याची रीत असेल तर ती पाळावी. मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय मुलांना पाण्याजवळ नेऊ नये, आणि वाटेत गळाच्या टोकाला बुचाचा तुकडा टोचून ठेवावा.

उपसंहार

हा पाठ घेताना शिक्षकांनी सर्व काही स्वतः शिकविण्याचा आग्रह धरू नये. एक दिवस गावातील बुरूड कारागिराला व एक दिवस मच्छीमाराला वर्गात मानाने बोलवावे, आणि शिक्षकाने त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांबरोबर बसावे. ज्या मुलाचे वडील खुर्चीवर बसून वेळूची पारख सांगत आहेत, तो मुलगा त्या दिवशी मागच्या रांगेत बसणार नाही. वेळूची माप-नोंद त्याने केली की अंक त्याला परके वाटणार नाहीत, आणि तिची कृती त्याने लिहिली की अक्षरही परके राहणार नाही. चांगली काठी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भार सारखा वाटून घेते. शाळेनेही गावातील ज्ञान असेच वाटून घेतले पाहिजे.