सर्व्हिस पॅकेजवर सही करण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा

नव्या गाडीच्या कागदांत विमा, आरटीओ नोंदणी, कर्ज यांच्याबरोबर हल्ली हमखास एक कागद सर्व्हिस पॅकेजचा असतो. तीन, चार किंवा पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आत्ताच भरायचे आणि पुढे निर्धास्त राहायचं, अशी त्याची कल्पना. गाडी घरी न्यायची घाई असते, त्यामुळे बरेच जण वाचल्याशिवाय सही करतात. काहींच्या मनात भीतीही असते, की पॅकेज नाही घेतलं तर वॉरंटी जाईल.

वॉरंटी तशी जात नाही. ती टिकवण्यासाठी कंपनीने ठरवून दिलेली सर्व्हिस वेळच्या वेळी व्हावी लागते आणि तिची नोंद असावी लागते. पॅकेज म्हणजे त्याच कामाचे पैसे आधी भरण्याची एक सोय, एवढंच. तेच काम त्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी बिल भरून करून घेतलं, तरी वॉरंटी तितकीच शाबूत राहते. शोरूममध्ये कोणी याउलट सांगितलं, तर ते वॉरंटीच्या पुस्तिकेत कुठे लिहिलंय, हे दाखवायला सांगावं. एक्स्टेंडेड वॉरंटी ही आणखी वेगळी गोष्ट. ती अचानक निकामी झालेल्या भागांसाठी असते; ऑइल आणि फिल्टर बदलण्याशी तिचा संबंध नाही. या दोन्ही गोष्टी एकाच रकमेत बांधून सांगितल्या, तर त्यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून मागाव्यात.

‘बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली की वॉरंटी संपली’ हे वाक्यही सर्रास ऐकू येतं. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं आणि प्रकरण पुढे बराच काळ चाललं. त्यामुळे माझा सल्ला सावध आहे: वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत सेंटरमध्येच करा. पंक्चर, टायर, वायपर, बॅटरी, व्हील अलाइनमेंट यांसाठी मात्र तिथेच जायची गरज नाही.

पहिल्या ‘फ्री’ सर्व्हिसबद्दलही मोठा घोळ असतो. त्यात मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे पैसे लागतात. आणि याच सर्व्हिसच्या वेळी जॉब कार्डवर जास्तीची कामं शिरतात: इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन. अनेक पॅकेजमध्येही हीच नावं भरलेली असतात. त्यातली काही बघू.

डीकार्बनायझिंगला काही अर्थ आहे, पण सगळ्या गाड्यांना नाही. ज्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यात आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साचू शकते, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत इंधन व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं आणि तेच तो भाग धुऊन काढतं. वर्षभर चाललेल्या, 10,000 किलोमीटर झालेल्या अशा गाडीला हे काम कशाला? पिकअप कमी झाला, इंजिन थरथरायला लागलं, मायलेज एकदम उतरलं, तर तपासणी करून घ्यावी. बीएस-6 डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. त्याचा इशारा देणारा दिवा लागल्यावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हमरस्त्यावर काही वेळ सलग वेगात गाडी चालवणं हा पहिला उपाय आहे.

एसीचा गॅस दर वर्षी भरावा लागतो, हा तर अगदी पक्का रुजलेला गैरसमज. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस बराच कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला तर तोही निघून जाईल. पावसाळ्यात येणारा कुबट वास आतल्या ओलसर कॉइलवरच्या बुरशीचा असतो. उतरण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर कॉइल सुकते आणि वास बराच कमी होतो. केबिन फिल्टर अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागेच असतो आणि घरी सहज बदलता येतो.

अंडरबॉडी कोटिंग मी सरसकट नाकारणार नाही. नवी गाडी कारखान्यातूनच गंजरोधक थर घेऊन येते. पण रत्नागिरी, अलिबाग, गोव्याची किनारपट्टी, जिथे खारी हवा आणि चार महिने पाऊस असतो, तिथे चांगलं कोटिंग उपयोगी ठरतं. फक्त ते मारताना पाणी निथळायची भोकं बुजली नाहीत ना, हे बघायला हवं. सोलापूर-लातूरकडच्या गाडीला त्याची तेवढी निकड नाही.

उलट जे काम खरंच टाळू नये, ते, म्हणजे ब्रेक फ्लुइड बदलणं, अनेक पॅकेजमध्ये नसतं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतो. दोनेक वर्षांत त्यात इतकं पाणी मुरतं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मग महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने तो तापतो, त्यात वाफ होते आणि पायाखालचा पेडल मऊ पडतो. जीवाशी संबंध असलेलं हे काम पॅकेजमध्ये आहे का, हे आधी विचारा. ब्रेक पॅड, क्लच, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात.

आता हिशेब. ‘4 वर्षे किंवा 40,000 किलोमीटर, जे आधी येईल ते’ असं पॅकेज घेतलं आणि वर्षाला 5,000 किलोमीटरच गाडी चालली, तर मुदत संपेल तेव्हा आकडा 20,000 वरच असेल. 40,000 ला करायच्या महागड्या कामांचे पैसे भरलेले, काम मात्र झालेलं नाही. रक्कम कर्जात घातली तर ती आणखी वाढते: 25,000 रुपयांचं पॅकेज 9 टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात गेलं, की परतफेड सुमारे 31,100 रुपयांची होते.

पॅकेज फायद्याचं ठरणारी माणसंही आहेत. पुणे-नाशिक सारखी ये-जा करणारे, वर्षाला 20,000 किलोमीटरच्या वर चालवणारे, किंवा सर्व्हिसचं बिलच मोठं असलेल्या महागड्या गाडीचे मालक. पुस्तकातल्या वेळापत्रकाचं पान समोर ठेवून प्रत्येक सर्व्हिसचं सध्याचं बिल मांडा आणि बेरीज पॅकेजच्या रकमेशी ताडून बघा. पॅकेज कंपनीचं आहे की त्या एका डीलरचं, हेही विचारा. डीलरचं असेल आणि तुमची बदली नागपूरला झाली, तर ते तिथे चालणार नाही. गाडी विकल्यावर ते नव्या मालकाच्या नावावर होतं का, हेही लेखी घ्या.

पॅकेज नसेल, तर गाडी देताना जॉब कार्डवर नेमकी कामं लिहून घ्या आणि एस्टिमेटवर सही करा. त्यापलीकडचं काम फोन करून विचारल्याशिवाय करू नका, असं तिथेच नोंदवा. तरीही न सांगितलेल्या कामाचं बिल आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे दाद लागली नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्कही पडत नाही.