डिमरची तार निसटली की दिवा विझत नाही

हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी सातच्या आधीच प्रयोगशाळेचं दार उघडणाऱ्या मामांचा फोन आला. "भाऊ, तुमच्या काचपेटीत आज लय उजेड हाय." मी धावत गेलो. आदल्या संध्याकाळी कोवळ्या मुगासारखं हिरवं असलेलं पाणी पिवळट पडलं होतं, ताकाच्या निवळीसारखं. मूळ वाण दुसऱ्या फ्लास्कमध्ये शाबूत होता, पण जास्त मिठाची सवय लावत अकरा आठवडे सांभाळलेली पिढी गेली ती गेलीच.

काचपेटीत होतं स्पिरुलिना. आमच्या जिल्ह्यातलं लोणार सरोवर बहुतेक काळ ज्यामुळे हिरवं दिसतं, त्यातलाच हा सूक्ष्म जीव. बेसॉल्टमधलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर तुम्हाला माहीतच असेल. झऱ्यांचं पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही, नुसती वाफ होते. त्यामुळे पाणी खारट आणि सामू दहाच्या आसपास. (कुणी बाटली घेऊन जायच्या विचारात असाल तर थांबा. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, परवानगीशिवाय तिथून काहीच उचलायचं नाही. माझा वाण प्रयोगशाळेतला आहे आणि पाणी मी स्वतः बनवतो, लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा घालून.)

आता या जिवाला उजेड लागतो, पण मोजून. नुकतं विरळ केलेलं पाणी असेल तर २५ ते ३० मायक्रोमोल पुरतात. दाट झालं की पेशी एकमेकींवर सावली धरतात, मग शंभराच्या वर न्यावं लागतं. विरळ पाण्यावर भसकन प्रखर उजेड सोडला तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडते, दुरुस्तीचा वेग कमी पडतो. त्यात थंडी असेल तर दुरुस्ती आणखी मंदावते. म्हणजे बुलढाण्याची हिवाळी रात्र आणि पूर्ण ताकदीचा दिवा, हे सगळ्यात वाईट जुळून आलेलं गणित. समुद्री काचपेट्या पाळणारे हौशी लोक हेच दुखणं प्रवाळाच्या बाबतीत सांगतात, कारण प्रवाळाच्या अंगातही शैवालच राहतं. दिव्यांचं तंत्र मी त्यांच्याकडूनच उचललं. (आपल्याकडे दगडी सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा तंत्र घ्या, प्रवाळ नको.)

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. एलईडीला ठरावीक व्होल्ट दिले की काम झालं, असं नसतं. तिला करंट ठरवून द्यावा लागतो. पांढरी तीन वॅटची एलईडी साधारण ३.२ व्होल्टला चालते, पण ती तापली की तिला तेवढ्याच करंटसाठी थोडे कमी व्होल्ट पुरतात. व्होल्ट तसेच ठेवले तर ती जास्त करंट ओढते, आणखी तापते, आणखी ओढते, आणि शेवटी जळते. ड्रायव्हर हा दरवाजावर बसलेला हिशेबनीस. व्होल्ट वर-खाली करेल, पण ७०० मिलिअँपियरपेक्षा जास्त जाऊ देणार नाही.

माझ्याकडे १२ एलईडींच्या दोन माळा आहेत. १२ गुणिले ३.२ म्हणजे ३८.४ व्होल्ट. ड्रायव्हर मीनवेलचे एलडीडी ७०० एच, प्रत्येक माळेला वेगळा. हे व्होल्ट कमी करणारे ड्रायव्हर आहेत, त्यामुळे आत येणारे व्होल्ट माळेपेक्षा निदान तीन तरी जास्त हवेत. मी ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय वापरतो. दोन माळा एकाच मोठ्या ड्रायव्हरला समांतर जोडून पैसे वाचवायचा मोह होतो, तो टाळा. एका माळेचा टाका सुटला तर तिचा सगळा करंट दुसरीवर जातो. आणि माळ जोडताना-काढताना सप्लाय बंदच ठेवा. रिकाम्या चालू ड्रायव्हरला एलईडी चिकटवली की पहिल्या ठिणगीतच ती जाऊ शकते.

उजेड कमी करायचे दोन मार्ग. एक, करंटच कमी करायचा. दुसरा, पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद करायचा आणि चालू वेळेचा वाटा बदलायचा. एलडीडी हा दुसरा मार्ग घेतो, १०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान. आर्डुइनो उनोच्या पाच आणि सहा नंबरच्या पिनवर सुमारे ९८० हर्ट्झ मिळतात, बाकीच्या पीडब्ल्यूएम पिनवर ४९०. मी पाच-सहा घेतल्या, कारण झटके जितके जवळजवळ तितकी पेशीला सरासरी गाठणं सोपं. एक जागा इथे फसवते. आर्डुइनोचं ग्राउंड ड्रायव्हरच्या *आत येणाऱ्या* ऋण तारेला जोडायचं, एलईडीकडे जाणाऱ्या ऋण तारेला नाही. दोन्ही काळ्या असतात म्हणून त्या एक नसतात.

आणि आता त्या सकाळी काय झालं ते. या ड्रायव्हरच्या डिम पायावर ०.८ व्होल्टपेक्षा कमी असेल तर दिवा बंद. २.५ व्होल्टच्या वर असेल तर चालू. आणि तो पाय नुसता मोकळा सोडला तर? तरीही चालू, पूर्ण ताकदीने. माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. ज्याला उजेड कमी-जास्त करायचाच नाही त्याने ती तार तशीच सोडावी, अशी सोय. मी ती ओळ वाचलीही होती, फक्त तिचा अर्थ माझ्या खोलीत काय होईल याचा विचार केला नव्हता. हवेचे बुडबुडे फुटून उडणारं सोड्याचं पाणी कनेक्टरवर पांढरं साचत गेलं, तार आतून गंजली आणि रात्री केव्हातरी सुटली.

मामांना हे समजावलं तर ते म्हणाले, "वायर तुटली तं मोटर बंद पडते ना भाऊ. तुमचा दिवा उलटा जास्त कायले पेटते?" पाच वर्षं विज्ञान शिकून मला हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

तार तुटणं तर कधीतरीच. लाइट जाणं आमच्याकडे नेहमीचं. लाइट परत आली की आर्डुइनो जागा व्हायला एक-दोन सेकंद घेतो, तेवढ्यात त्याच्या पिना मोकळ्याच असतात आणि दिवा भक्कन पूर्ण पेटतो. हे मी कित्येकदा पाहिलं होतं आणि 'चालू होताना होतं तसं' म्हणून सोडून दिलं होतं.

उपाय दोन रुपयांचा आहे. डिम पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. तो ड्रायव्हरच्या अगदी जवळ, तिथेच टाका मारून बसवायचा. आर्डुइनोच्या बाजूला बसवला तर तार तुटल्यावर त्याचा उपयोग शून्य. बसवल्यावर तार हाताने उपसून काढा आणि मीटरने डिम पायाचे व्होल्ट बघा. ०.८ च्या खाली आले नाहीत तर आणखी लहान किमतीचा रेझिस्टर घ्या. शिवाय घड्याळाची डीएस ३२३१ चकती लावली. तिला बटणसेल असतो, त्यामुळे लाइट गेली तरी आज कितवा दिवस हे आर्डुइनो विसरत नाही. नाहीतर रोज थोडा थोडा उजेड वाढवायचा कार्यक्रम पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू व्हायचा.

उजेडाचा अंदाज डोळ्याने घेऊ नका. पीडब्ल्यूएम निम्म्यावर आणलं तरी डोळ्याला चार आणेच कमी झाल्यासारखं वाटतं. साधा लक्समीटर पाण्याच्या पातळीवर धरा. पांढऱ्या एलईडीसाठी आकड्याला ७० ने भागलं की मायक्रोमोलचा ढोबळ आकडा मिळतो. माझ्या पेटीवर पूर्ण ताकदीला २१,००० लक्स, म्हणजे ३०० मायक्रोमोल येतात. त्या रात्री हवे होते ३०. निळ्या एलईडीला मात्र हा भागाकार चालत नाही, लक्समीटर निळा रंग फार कमी मोजतो.

नवीन पिढीचा आज एकोणिसावा दिवस, उजेड २४ टक्क्यांवर. कनेक्टर पेटीच्या वरून काढून बाजूच्या भिंतीवर, डब्यात बंद केलेत. दर सोमवारी मामा स्वतःच डिमची तार उपसतात, दिवा विझलेला बघतात आणि परत बसवून वहीत सही करतात.