राखीव सेंटरची निवड

बास्केटबॉलचा खेळ आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. पुष्कळशा खेळांचा जन्मकाळ अज्ञात असतो. या खेळाचें मात्र सालच काय, महिनाही ठाऊक आहे. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हा खेळ सुरू केला. हिवाळ्यांत तरुणांस छपराखालीं खेळतां यावें म्हणून त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या. याच संस्थेच्या वतीनें हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय स्थापिलें. टोपलीच्या जागीं आज लोखंडी कडें आलें आहे. उंची मात्र तीच दहा फूट राहिली आहे.

ही उंची ध्यानांत घेतली म्हणजे सेंटर या गड्याचें महत्त्व सहज कळतें. तो बहुधा संघांतील सर्वांत उंच गडी. आपल्या कड्याखालीं उभें राहून प्रतिपक्षाचे नेम अडविणें, हुकलेला चेंडू उडी मारून धरणें, आणि आपल्या सोबत्यास मोकळी वाट मिळावी म्हणून प्रतिपक्षाच्या गड्यापुढें आडोसा करून उभें राहणें, हीं त्याचीं मुख्य कामें. कोणत्याही चांगल्या संघांत असा एक नामांकित सेंटर असतोच. परंतु तो दमला, जखमी झाला किंवा फाउलांच्या अडचणींत सांपडला, तर त्याची जागा घेणारा दुसरा कोण? अजिंक्यपदाची आशा बाळगणाऱ्या धंदेवाईक संघापुढें हा प्रश्न दरवर्षीं उभा राहतो. त्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हिशेब पाहूं. अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि अजिंक्यपदाच्या फेऱ्यांपूर्वीं संघास एका हंगामांत साधारणतः ८२ सामने खेळावे लागतात. मुख्य सेंटर रोज ३४ मिनिटें खेळला असें धरलें, तर १४ मिनिटें उरतात. चौदा मिनिटें म्हणजे विशेष कांहीं नव्हे असें वाटेल. पण ८२ सामन्यांत तीं ११४८ होतात, म्हणजे जवळजवळ २४ पूर्ण सामन्यांइतकीं! मुख्य गड्यानें ३४ मिनिटांत मिळविलेली आठ गुणांची आघाडी राखीव गड्याच्या १४ मिनिटांत गेली, तर पहिल्याचे सर्व श्रम व्यर्थ ठरतात. म्हणून राखीव गड्यानें सामना जिंकून द्यावा अशी अपेक्षा नसते. त्यानें तो हातचा जाऊं देऊं नये, एवढीच असते.

हा झाला रोजचा व्यवहार. कधीं कधीं मात्र प्रसंग याहून कठीण येतो. १९७० च्या अंतिम फेरींत न्यूयॉर्कचा सेंटर विलिस रीड पांचव्या सामन्यांत जखमी झाला. समोर लॉस एंजलिसचा प्रचंड देहाचा विल्ट चेंबरलेन होता. न्यूयॉर्कच्या राखीव व ठेंगण्या गड्यांनीं आळीपाळीनें त्यास घेरलें, आणि अर्ध्या वेळेस १३ गुणांनीं मागें असलेला तो संघ १०७ विरुद्ध १०० गुणांनीं जिंकला. पण पुढच्याच सामन्यांत चेंबरलेननें एकट्यानें ४५ गुण केले व न्यूयॉर्कचा पराभव झाला. हिकमतीनें एक दिवस निभावतो, रोज निभावत नाहीं, हें त्यावरून दिसलें. अखेर सातव्या सामन्यांत रीड लंगडत मैदानांत आला, त्यानें आरंभींचे दोन नेम साधले, आणि त्याच्या सोबत्यांनीं सामना जिंकला.

याच्या उलट उदाहरण १९८० चें आहे. लॉस एंजलिसचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार याचा घोटा मुरगळला, तेव्हां वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन, जो एरवीं चेंडू पुढें नेणारा गडी, तोच सेंटरच्या जागीं उभा राहिला. त्यानें ४२ गुण केले, १५ वेळां हुकलेला चेंडू धरला, आणि फिलाडेल्फियास हरवून अजिंक्यपद मिळविलें. हें उदाहरण ऐकून राखीव सेंटरची गरजच काय, असें कोणी म्हणेल. परंतु असा गडी एका पिढींत एखादाच निपजतो. त्याच्या भरंवशावर संघाची योजना करतां येत नाहीं.

मग निवड करावी तरी कशी? पहिली गोष्ट, राखीव गडी मुख्य गड्यासारखा असावा, कीं त्याहून वेगळा? सारखा असेल तर इतर चौघांस आपला खेळ बदलावा लागत नाहीं. पण मुख्य गडी असामान्य असेल, तर त्याच्यासारखा दुसरा मिळणार कोठून? डेन्व्हरचा निकोला योकिच हा सेंटर असूनही सर्व संघाचा चेंडू वांटणारा सूत्रधार आहे. १९२३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०२३ सालच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत तो सरासरी सुमारें ३९ मिनिटें खेळला. उरलेल्या थोड्या मिनिटांत डेन्व्हरनें त्याची नक्कल करणारा उंच गडी शोधला नाहीं. अ‍ॅरन गॉर्डन व जेफ ग्रीन या बेताच्या उंचीच्या, पण चपळ गड्यांवर काम सोंपविलें, आणि मायामीस चार विरुद्ध एक सामन्यांनीं जिंकलें.

दुसरी गोष्ट, शेवटीं गांठ कोणाशीं पडणार? साधारण संघास सर्वांशीं बरोबरी करणारा गडी पुरतो. अजिंक्यपदाच्या उमेदवारानें मात्र ज्या दोन-तीन बलाढ्य संघांशीं अखेर झुंजावयाचें, त्यांचे सेंटर डोळ्यांपुढें ठेवून निवड केली पाहिजे. सहा फाउल झाले कीं गडी बाद होतो. म्हणून समोर भारी सेंटर असतां राखीव गड्याचे सहा फाउल हेंही संघाचें भांडवलच असतें.

तिसरी गोष्ट खर्चाची. १९८४-८५ च्या हंगामापासून तेथें संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. बहुतेक पैसा पहिल्या पांचांवर खर्ची पडतो; उरलेल्यांत राखीव गडी बसवावा लागतो. तेव्हां निवड बहुधा तिघांमध्यें होते: शिकाऊ तरुण, वय झालेला अनुभवी, आणि गुणी पण शरीरानें संशयित असा गडी. तरुणास शिकण्यास वेळ द्यावा लागतो, आणि तोच वेळ अशा संघापाशीं नसतो.

तिसऱ्या प्रकारचें सर्वांत सुंदर उदाहरण बॉस्टनचें आहे. १९८५ सालीं हा संघ अंतिम फेरींत लॉस एंजलिसकडून हरला. त्याचा सेंटर रॉबर्ट पॅरिश उत्तम होता, पण त्यास विसावा देणारा तोलामोलाचा गडी नव्हता. त्याच वर्षीं बॉस्टननें सेड्रिक मॅक्सवेल हा १९८१ च्या अंतिम फेरींतील सर्वोत्तम ठरलेला गडी, आणि पुढील वर्षीं पहिल्या फेरींत नवा गडी निवडण्याचा हक्क, असें दोन्ही देऊन बिल वॉल्टन यास घेतलें. वॉल्टन एके काळचा अद्वितीय सेंटर. १९७७ सालीं पोर्टलंडला अजिंक्यपद मिळवून देणारा व पुढच्या हंगामांत सर्वश्रेष्ठ म्हणून गौरविलेला. परंतु पायांच्या हाडांच्या दुखण्यानें त्याचे हंगामच्या हंगाम वांयां गेले होते. अशा गड्यासाठीं इतकी किंमत देणें हें मोठेंच धाडस होतें.

वॉल्टननें बाकावर बसण्यांत कमीपणा मानला नाहीं. त्या हंगामांत तो ८२ पैकीं ८० सामने खेळला. इतके सामने तो आपल्या भरभराटीच्या काळांतही कधीं खेळला नव्हता. दर सामन्यास सुमारें १९ मिनिटें एवढाच त्याचा वांटा. पण चेंडू अचूक देण्याची त्याची हातोटी अशी, कीं पॅरिश बाहेर गेल्यावर संघाचा खेळ मंदावण्याऐवजीं खुलत असे. उत्तम राखीव गड्याचें पारितोषिक त्यास मिळालें. बॉस्टननें ६७ सामने जिंकले, आणि अंतिम फेरींत ह्यूस्टनच्या अकीम ओलाजुवॉन व राल्फ सॅम्प्सन या दोन मनोऱ्यांशीं सामना पडला, तेव्हां या दोन सेंटरांचा उपयोग झाला. पुढच्या हंगामांत वॉल्टनच्या पायानें पुन्हां दगा दिला. मुख्य हंगामांत तो अवघे दहा सामने खेळूं शकला, आणि १९८७ मध्यें अजिंक्यपद बॉस्टनच्या हातून गेलें. केलेला सौदा एका वर्षापुरताच फळला. पण तेवढ्यासाठींच तो केलेला होता.

याच बॉस्टननें २०२४ सालीं अनुभवी गड्याचा मार्ग धरला. पहिल्याच फेरींत सेंटर क्रिस्टाप्स पोरझिंगिस याची पोटरी दुखावली. तेव्हां जून महिन्यांत ३८ वर्षें पूर्ण करणाऱ्या अल हॉरफर्डनें त्याची जागा घेतली, आणि मागें ल्यूक कॉर्नेट व फेब्रुवारींत मेंफिसकडून आणलेला झेव्हियर टिलमन हे तयार होते. म्हणजे राखीव गडी एक असून भागत नाहीं. तो वर सरकला कीं त्याच्याही मागें कोणी तरी असावें लागतें. त्या वर्षीं बॉस्टननें १९ पैकीं १६ सामने जिंकून अजिंक्यपद मिळविलें.

विद्यार्थिमित्रांनो, आतां शेवटची कसोटी सांगतों. ती कोणत्याही आंकड्यांच्या कोष्टकांत सांपडत नाहीं. राखीव गड्यास कधीं वीस मिनिटें मिळतात, कधीं दोन, कधीं एकही नाहीं. तरीही तो रोज तितकाच सराव करतो काय? बोलावणें आलें म्हणजे लगेच उठून, सोबत्यांची चाल न मोडतां, आपलें नेमकें काम करतो काय? ज्याचें उत्तर होय असें येतें, तोच निवडावा. पालकांनींही ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. मुलाचें नांव संघाच्या यादींत सहावें किंवा नववें लागलें, तर त्याचें सांत्वन करण्याची घाई करूं नये. त्या जागेचें काम कोणतें, हें त्यास समजावून सांगावें.