नवी नोकरी हार्लेममध्ये, घर सायकलच्या टप्प्यात

हार्लेममध्ये नोकरी पक्की झाली की आपण लगेच घरांच्या जाहिराती उघडतो. त्याआधी एक काम करावं. रोज जिथे हजर व्हायचं आहे, त्या इमारतीचा नेमका पत्ता कंपनीकडून मागून घ्यावा. नियुक्तिपत्रावर पुष्कळदा मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो आणि काम भलतीकडेच असतं. स्पार्ने गास्टहाउस हे इथलं मोठं रुग्णालय घ्या. त्याच्या इमारती हार्लेममध्ये आहेत, तशाच होफडॉर्पमध्येही आहेत, आणि या दोन गावांमध्ये दहा-बारा किलोमीटर आहेत.

आता नकाशा उघडू. हार्लेम अॅम्स्टरडॅमच्या पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवर आहे, लोकवस्ती दीड लाखाच्या थोडी वर. शहरातून स्पार्ने नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि रेल्वेमार्ग पूर्व-पश्चिम जातो. या दोन रेषांमुळे शहराचे चार तुकडे पडतात. आपलं ऑफिस कोणत्या तुकड्यात आहे ते आधी ठरवावं, कारण नदी फक्त पुलांवरून ओलांडता येते आणि रूळ ठरावीक ठिकाणीच.

नेहमीची चूक इथेच होते. ऑफिसभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं जातं आणि त्यातलं प्रत्येक घर जवळचं मानलं जातं. पण समोरच्या काठावर दिसणारं घर पुलाच्या वळशाने दुप्पट लांब पडू शकतं. स्पार्नेवरचे बरेच पूल बोटींसाठी उघडतात, तेव्हा काही मिनिटं थांबावं लागतं ते वेगळंच. म्हणून वर्तुळाऐवजी सायकलचा प्रत्यक्ष मार्ग बघावा. ‘फीट्सर्सबाँड’ या सायकलस्वारांच्या संघटनेचा मार्ग-नियोजक इंटरनेटवर आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसूनही तो वापरता येतो.

अंतर मिनिटांत मोजावं. साध्या सायकलवर, शहरातले सिग्नल धरून, ताशी पंधरा किलोमीटर हा नवख्यासाठी प्रामाणिक वेग आहे. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं. पाच किलोमीटरला वीस मिनिटं लागतात आणि रोजच्यासाठी ते सुखाचं आहे. साडेसातला अर्धा तास लागतो. त्यापुढे विजेवरची सायकल घ्यावी, तिची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देते. तिच्यावर बारा-पंधरा किलोमीटरही जमतात, पण पहिल्याच हिवाळ्यात तेवढ्या अंतरावर विसंबू नये असं माझं मत आहे.

आता वारा. भारतातून येणाऱ्याच्या हिशेबात तो जवळजवळ कधीच नसतो. हार्लेम समुद्रापासून सात-आठ किलोमीटरवर आहे आणि इथला वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून येतो. देश सपाट, म्हणून चढ नाहीत, पण समोरून जोराचा वारा आला की सिंहगडाच्या घाटात सायकल रेटल्यासारखं वाटतं. झांडफोर्टला समुद्रकाठी राहून हार्लेमला येणाऱ्याला सकाळी वारा पाठीशी मिळतो आणि संध्याकाळी, दमलेला असताना, तोच समोरून येतो. ऑफिसच्या पूर्वेला राहणाऱ्याचं उलट होतं. दोन घरं बाकी सगळ्या बाबतींत सारखी असतील तर पूर्वेकडचं घ्यावं.

मोकळी पोल्डर, म्हणजे पाणी उपसून काढलेली सखल जमीन, वाऱ्याला अडवत नाही. होफडॉर्प ज्या हार्लेमरमेर भागात आहे, तो पूर्वी तलावच होता. १८५२ मध्ये तो कोरडा झाला. भारतीय किराणा आणि ओळखीची कुटुंबं जवळ हवीत म्हणून पुष्कळ मराठी घरं होफडॉर्प किंवा अॅम्स्टेलवीन निवडतात. ते कारण खरं आहे, कमी लेखण्यासारखं नाही. पण होफडॉर्पहून हार्लेमचा रस्ता बराचसा उघड्यावरून जातो. नोव्हेंबरच्या पावसात तो कसा असेल याचा विचार करून ठरवावं. रोज सायकलच चालवायची असेल तर राहायला हार्लेम आणि आठवड्याच्या किराण्याला होफडॉर्पची बस, ही सोय मला अधिक टिकाऊ वाटते.

काळोखही हिशेबात घ्यावा. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. जाणं-येणं दोन्ही अंधारात. उन्हाळ्यात झाडीतून जाणारी सुंदर वाट तेव्हा नकोशी होते. रस्त्यावर दिवे आहेत का ते बघावं. सायकललाही पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो.

एक उदाहरण धरू. ऑफिस वार्डरपोल्डरमध्ये आहे. हा शहराच्या ईशान्येकडचा उद्योगांचा भाग, एमएसडी या औषध कंपनीचा कारखानाही इथेच आहे. नदीच्या पूर्व काठावर, रुळांच्या उत्तरेला. जवळची वस्ती म्हणजे पलीकडच्या काठावरचं हार्लेम-नोर्ड. तिथून २००९ मध्ये झालेल्या स्खोटरब्रुख पुलावरून सरळ येता येतं. नदी ओलांडायची नसेल तर अॅम्स्टरडॅमसे ब्यूर्ट आणि पार्कवाइक हे पूर्वेकडचे भाग आहेत, फक्त रूळ ओलांडावे लागतात. दक्षिणेचं स्खाल्कवाइक जरा लांब पडतं, पण नदी तिथेही आड येत नाही. तिथे मुख्यतः १९६० नंतरच्या, लिफ्ट असलेल्या इमारती मिळतात. जुन्या गावठाणातली घरं देखणी आहेत, पण जिने अतिशय उभे आणि अरुंद.

पती-पत्नींपैकी एकाची नोकरी अॅम्स्टरडॅमला असेल तर पूर्वेचं स्पार्नवाउडे स्टेशन लक्षात ठेवावं. ते वार्डरपोल्डरच्या जवळ आहे आणि अॅम्स्टरडॅमची गाडी तिथे थांबते. एक सायकलने जाईल, दुसरं रेल्वेने. उद्या नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही.

मूल लहान असेल तर मार्ग घर-पाळणाघर-ऑफिस असा मोजावा. पाळणाघर उलट दिशेला निघालं तर दहा मिनिटांचा अर्धा तास होतो, आणि तिथे जागा मिळायला घरापेक्षाही वेळ लागू शकतो. आधी तिथे नाव नोंदवावं.

मग प्रत्यक्ष जाऊन बघणं. स्टेशनवर रेल्वेची भाड्याची सायकल असते, ‘ओव्ही-फीट्स’. तिला इथलं वैयक्तिक प्रवास-कार्ड लागतं, म्हणून अगदी नव्याने आलेल्याने दुकानातून सायकल भाड्याने घ्यावी. कामाच्या दिवशी, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन बघावं. रविवारी दुपारी केलेली फेरी काहीच सांगत नाही.

घर बघताना पहिला प्रश्न: सायकल कुठे राहणार? तळमजल्यावर ‘बेर्गिंग’, म्हणजे सामानाची बंद खोली असेल तर उत्तम. नसेल तर ती रस्त्यावर राहील, आणि सायकलचोरी इथे नेहमीची आहे. चाकाच्या कुलपाशिवाय जाड साखळी घ्यावी आणि ती जमिनीत पक्क्या बसवलेल्या दांड्याला अडकवावी. विजेच्या सायकलची बॅटरी वर कुठे चार्ज करणार, तेही विचारावं.

जाहिरातीतला ‘काल’ हा शब्द नीट वाचावा. त्याचा अर्थ पूर्ण रिकामं घर, पुष्कळदा जमिनीवरचं आच्छादन, पडदे, दिवेसुद्धा नसलेलं. ‘खेस्टोफेर्ड’ म्हणजे फरशीवरचं आच्छादन आणि पडदे असलेलं. पहिल्या प्रकारात भाडं कमी दिसतं, पण आत पाऊल टाकण्याआधी मोठा खर्च होतो. फरक आधीच विचारून घ्यावा.

कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे आणि तो माहीत असावा. १ जुलै २०२३ पासून झालेल्या करारांत अनामत रक्कम मूळ भाड्याच्या दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे करार, मोजके अपवाद सोडून, बेमुदत असतात. घराला क्षेत्रफळ, सोयी वगैरेंवर गुण मिळतात आणि त्याच दिवसापासून १८६ गुणांपर्यंत भाड्याला कमाल मर्यादा आहे. मालकाने नेमलेल्या दलालाने आपल्याकडून दलाली मागितली तर देऊ नये. घर न बघता, परदेशातूनच अनामत पाठवा असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबावं. लांबून घर शोधणारे सर्वाधिक याच फसवणुकीला बळी पडतात.

सही करण्याआधी आणखी एक खात्री: त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येईल ना? काही मालक नको म्हणतात. तसं घर कितीही जवळ असलं तरी सोडून द्यावं. त्या नोंदणीतूनच नव्याने आलेल्याला ‘बीएसएन’ हा नागरिक सेवा क्रमांक मिळतो, आणि पगार, बँक, आरोग्य विमा सगळं त्याच्यावर चालतं. राहायला आल्यापासून पाच दिवसांत ती करायची असते. परदेशातून येणाऱ्याला आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून विमानाचं तिकीट काढतानाच ती मागून ठेवावी.

शेवटी कंपनीला प्रवासभत्त्याचं विचारावं. २०२४ पासून कंपनी किलोमीटरमागे ०.२३ युरो करमुक्त भत्ता देऊ शकते, आणि सायकलने येणाऱ्यालाही तो चालतो. देणं सक्तीचं नाही, म्हणून करारात लिहून घ्यावं. घर पाच किलोमीटरवर असेल तर दिवसाला २ युरो ३० सेंट होतात. सायकलच्या देखभालीला तेवढे पुरेसे आहेत.