खोल पाण्याचा हिशेब

डोंबिवलीजवळच्या संदप गावच्या खदानीत ७ मे २०२२ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. कपडे धुवायला गेले होते. खदान असो, बंधारा असो की उल्हास नदीचा डोह, असे काही घडले की अग्निशमन दल पोहोचण्याआधी हाक जाते ती गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला. कल्याण-अंबरनाथ भागात असे तरुण आता विचारतात, "साहेब, पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जायला शिकलो तर?" जरूर शिकावे. मात्र खाली पाणी काय करते, हे घरच्या मंडळींनीही समजून घ्यावे. परवानगी आणि पैसे तेच देणार ना!

विहिरीत सूर मारणारा वरूनच दम भरून जातो. ती हवा खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. टाकीचे गणित निराळे. पाण्यात दर ३३ फुटांना, म्हणजे विहिरीच्या मापाने पाच-साडेपाच परसांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. तेथे टाकीतून छाती भरून घेतली आणि दम कोंडून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणजे विहिरीत मुरलेली दम कोंडण्याची सवयच आधी मोडावी लागते. पट्टीचा पोहणारा फसतो तो इथेच.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात विरघळतो. गोटीसोड्याची गोटी दाबली की कसा फेस उसळतो? घाईने वर आलेल्या माणसाच्या अंगात तसेच बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून मिनिटाला ३० फुटांपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि १५ फुटांवर तीन मिनिटे थांबायचे, हे शिक्षणात घोटून घेतात. शंभर फुटांच्या आसपास हाच वायू दारूसारखा चढतो. माणसाला भीती वाटेनाशी होते, आणि तेच वाईट. शिवाय तेथे हवा चौपट लागते. वर तासभर पुरणारी टाकी पाव तासात संपते.

यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या शिक्षणात ६० फुटांपर्यंत, पुढच्यात १०० आणि खास खोल पाण्याच्या शिक्षणानंतर १३० फूट. हौशी बुडीची हद्द तेथे संपते. आपल्या राज्यात मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. दमा, कानाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तो लपवणे म्हणजे जिवाशी खेळ.

टाकी कुठे भरता, हेही पाहावे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर त्यासाठी मुळीच चालत नाही. त्यात तेलाची वाफ असते, आणि जवळ डिझेल इंजिन चालू असेल तर त्याचा विषारी धूरही टाकीत जातो. वर तो बाधणार नाही इतका असला, तरी दाबाखाली घातक ठरतो.

समुद्रातला दाखला मिळाला म्हणून कोणी खदानीत उतरू नये. तेथे हात दिसत नाही, तळाशी तारा आणि कपारी असतात. दोर, काठावरचा जोडीदार आणि त्या कामाचे वेगळे शिक्षण लागते.

मालवणला गंमत म्हणून बुडी मारायला जाणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. बुडी झाल्यावर त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढू नये. विमानाला तर १८ तास थांबावे. वर हवेचा दाब कमी, म्हणून उरलेला नायट्रोजन तेथे त्रास देतो. नंतर अंग बधिर झाले किंवा सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांना बुडी मारल्याचे आधी सांगावे. आणि बोटीवर चढण्यापूर्वी विचारावे, ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर घेतला आहे ना? नसेल तर बोट सोडून द्यावी.